ज्या पायांवर बाळ न्हायचे होते

फ्रीगंज बाजाराच्या वळणावर गराडूचा पहिला घाणा तेलात पडला, की मला माझे पाय आठवतात. गराडू हा आमच्या माळव्याचा हिवाळी कंद. त्याचे तुकडे तळायचे, वर लिंबू पिळायचे, जिरावन मसाला भुरभुरायचा. तो काळ्या मिठाचा आंबूस, उष्ण वास थंड हवेत फार वर चढत नाही, माणसांच्या खांद्यांपाशीच रेंगाळतो. इतरांना त्याने भूक लागते. माझ्या डाव्या पोटरीच्या कडेने मात्र एक बारीक तार खाली उतरल्याचा भास होतो, आणि तिच्या मागोमाग लाज येते.

दुखणे ओसरले त्याला आता वर्ष होत आले. तार उरलेली नाही, नुसता तिचा भास आहे. लाज मात्र खरी आहे. ती रजयांबरोबर दिवाणातून बाहेर निघते, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन, आणि कितीही उन्हात टाकली तरी तो वास सोडत नाही. गेल्या हिवाळ्याकडे वळून पाहते तेव्हा मला त्याची सलग गोष्ट दिसत नाही. दिसतात ते काही आकार: भिंतीशी टेकवलेला एक पाट, पंचात गुंडाळलेली एक पिशवी, आरशात उलटे दिसणारे माझेच गुडघे.

मुक्ता, आमची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून आमच्याकडे येणार होती. आमच्याकडे तान्ह्या बाळाला आजी आपल्या पायांवर न्हाऊ घालते. न्हाणीघरात पाटावर बसायचे, दोन्ही पाय समोर लांब सोडायचे, साडी गुडघ्यांवर घ्यायची आणि दोन नडग्यांच्या मधल्या अरुंद पन्हळीत बाळ ठेवायचे. आधी उताणे, मग पालथे. शेजारी उभे राहून कुणीतरी पाण्याची धार धरायची. मुक्ताच्या वेळी मी माहेरी, देवासला होते. पंचा घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी असे. आईच्या तेलाने तुकतुकणाऱ्या नडग्या, त्यांवर विसावलेली ती ओंजळभर लालबुंद पाठ, डाळीच्या पिठाचा आणि सायीचा कच्चा गोडसर वास, घंगाळातून उठणारी वाफ. आईचे पाय त्या वेळी मला पाय वाटतच नसत. नदीला काठ असतात तसे ते होते, पाण्यालाही धरणारे आणि बाळालाही. बाईचे बाईपण कुठे पुरे होते असे मला कुणी तेव्हा विचारले असते, तर मी त्या दोन पायांकडे बोट दाखवले असते.

मुक्ताचा फोन आला तो पावसाळा संपत आला असताना. "आई, मालिशवाली वगैरे नको हं. अनोळखी हात नकोत मला. तू घालशील ना न्हाऊ?"

"मी नाही तर कोण घालणार?"

मग तिच्या सासूबाई, सुलभाताई, फोनवर आल्या. त्यांचा आवाज नेहमीच इस्त्री केलेल्या साडीसारखा, एक चुणी नाही. "मी मध्ये येणार नाही हो. पहिलं बाळंतपण माहेरचंच. आणि बाळाचं न्हाणं हा आजीचा मान. त्यातही आईच्या आईचा. तुम्हाला अडचण असेल तर मात्र मोकळेपणी सांगा, मुक्ताला इथेच ठेवून घेऊ."

"छे, अडचण कसली," मी म्हणाले.

नवरात्रात, घट बसल्यावर, रजयांना ऊन द्यावे म्हणून मी दिवाण उघडला. वाकले, आणि वाकलेलीच राहिले. आवाज झाला नाही, काही पडले नाही. फक्त कमरेच्या तळाशी एक दिवा लागला आणि त्याचा उजेड डाव्या पायातून अंगठ्यापर्यंत उतरत गेला. हातात रजईचे टोक तसेच. समोर भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता. त्याकडे मी कितीतरी वेळ गुडघ्यांच्या उंचीवरून पाहत राहिले.

डॉक्टर स्वभावाने गोड होते. एमआरआयच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर पेनाचे टोक ठेवून म्हणाले, "ये दो मनकों के बीच की गद्दी है। गुझिया समझिए। तलते-तलते किनारा खुल गया, मावा बाहर आ गया, और नस पर बैठ गया।" गुझिया म्हणजे आपली करंजी. ऑपरेशनची घाई नव्हती. पायातली ताकद गेली किंवा लघवीचे भान सुटले, तर त्याच दिवशी यायचे. एरवी बहुतेकांचे हळूहळू निवळते. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, जमिनीवर पाय पसरून बसायचे नाही. आणि योग्य माणसाच्या देखरेखीखाली व्यायाम. परतताना ई-रिक्षात, रुंदीकरणासाठी खणलेल्या रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यावर, मी त्यांचे शेवटचे वाक्य मनात पुन्हा पुन्हा वाचत होते. जमिनीवर पाय पसरून बसायचे नाही. जणू त्यांनी माझ्या देहाला नव्हे, माझ्या आईच्या पायांना मनाई केली होती.

मी मुक्ताला कळवले नाही. कळवले असते तर ती पुण्यालाच राहिली असती.

*

व्यायामाचे ठिकाण फ्रीगंजातच, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. जिना चढताना कठड्याला धरून मी स्वतःला ओढत नेले. आत लाकडी जमीन, एक भिंतभर आरसा, आणि मध्यभागी स्प्रिंगा लावलेला, सरकणारा, पट्ट्या लोंबणारा एक पलंग. कोरफडीच्या साबणाचा वास. आणि आरशातून माझ्याकडे पाहणारी एक उंच, ताठ तरुणी.

"मैम, आप?"

रचना. माझी विद्यार्थिनी. मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत असे. आयुष्यभर कविता शिकवली. ही शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे, आणि मी तिला उभी करून ओळ म्हणायला लावत असे. आता ती फिजिओथेरपिस्ट होती, पिलाटेस नावाचा विलायती व्यायामप्रकार शिकून आली होती, आणि पाठीच्या रुग्णांना तेच शिकवत होती. ती वाकली, तिने माझ्या पायांना हात लावला. तिला उठवायला मला वाकता आले नाही. मी तशीच उभी राहिले, खांबासारखी, आणि ती आपली आपणच उठली.

घरातून निघताना मी साडीच नेसत असे. व्यायामाची पँट पिशवीत, भाजीच्या पिशवीसारखी दिसावी म्हणून वर कोथिंबिरीची जुडी. शेजारच्या दुबेभाभींनी फाटकापाशी अडवले तेव्हा मी म्हणाले, "योग की क्लास है।" आमच्या गावात या शब्दाला स्पष्टीकरण लागत नाही. पिलाटेस म्हटले असते तर ते काय हे सांगावे लागले असते, ते कशासाठी हे सांगावे लागले असते, आणि त्या वाटेने बोलणे माझ्या पाठीवरून पायांवर उतरले असते. दुबेभाभी प्रसन्न हसल्या. "बढ़िया है दीदी। नानी बनने की तैयारी।"

पहिले काही दिवस मी फक्त पडून राहिले. पाठीवर, गुडघे वाकवून, हात बाजूला. इतके काही न करणे इतके अवघड असेल असे वाटले नव्हते. रचना शेजारी उकिडवी बसून बरगड्यांवर हात ठेवी. "साँस यहाँ, बग़ल में। पेट मत फुलाइए। सोचिए, नाभि के नीचे पानी का कटोरा रखा है, छलके नहीं।" मग श्वास सोडताना एक टाच जमिनीवरून पुढे सरकवायची, श्वास घेताना मागे आणायची. एवढेच. वर्गात मी मुलींना सांगत असे, की ओळीत थांबायचे कुठे हे ज्याला कळले त्याला अर्धी कविता कळली. आता माझाच देह भलत्या जागी थांबत होता. टाच सरकताच कमर उचले, कटोरा सांडे, मान ताठर होई. रचना माझी हनुवटी दोन बोटांनी खाली आणत असे. चुकीच्या उच्चारावर मी कधी इतक्या हळुवारपणे बोट ठेवले होते का, ते आठवत नव्हते.

एकदा ती मोकळ्या आवाजात म्हणाली, "अब नीचे की मांसपेशी, मैम। जैसे पेशाब रोकते हैं ना, बस वैसे, पर धीरे से।" शेजारच्या चटईवर एक निवृत्त ठाणेदार पाय वर करून पडले होते. त्यांनी खाकरल्यासारखे केले आणि छताकडे पाहू लागले. मीही छताकडे पाहू लागले. ज्या मुलीला मी शृंगाररसाच्या ओळी चाळून, निवडून शिकवल्या, ती मला हे सांगत होती, तेही पंख्याचा वेग सांगावा तशा सहजपणे. कानांच्या पाळ्या तापल्या. पण त्या क्षणी, कमरेच्या खोल तळाशी, फार दिवसांनी काहीतरी आपण होऊन आवळले गेले. हाक मारल्यावर दुसऱ्या खोलीतून कुणीतरी "ओ" द्यावी तसे.

घरी सकाळी मोजे घालण्याचा प्रसंग असे. माळव्याची थंडी फरशीतून वर येते. अनवाणी राहवत नाही, आणि माझे हात पावलांपर्यंत पोचत नव्हते. हे, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या कामांना वेळ असलेले माझे यजमान, स्टूल ओढून समोर बसत.

"पाय वर घ्या, राणीसाहेब."

"आधी दार लावा."

"लाजतेस कोणाला? बोका आहे फक्त अंगणात."

"दूधवाला येईल. पाहील."

"पाहू दे. घरी जाऊन बायकोला घालेल मोजे, तिचं भलं होईल."

मी हसत नसे. ज्यांच्या पायांवर सणासुदीला डोके ठेवले, त्यांच्या मांडीवर माझी टाच. त्यांच्या टकलावर पडलेला सकाळचा उजेड मी पाहत राही, आणि मोजा घोट्यावर चढला की ते वर थाप मारत, गाडीला झेंडी दाखवल्यासारखी. ती थाप अंगभर लागे.

*

दिवाळी झाल्यावर मुक्ता आली. स्टेशनवर तिने मिठी मारली तेव्हा तिचे पोट आधी माझ्यापर्यंत पोचले. मी खांद्यांनीच तिला जवळ घेतले. "एवढी ताठ का गं?" तिने विचारले. "उसण भरली आहे," मी म्हणाले, आणि तिने विश्वास ठेवला. लेकींचा आईच्या उसणीवर फार विश्वास असतो.

तोवर रचनाच्या हाताखाली फरक पडू लागला होता. तार पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात मागे सरकली होती. दुखणे वर, कमरेकडे गोळा होत जाणे ही चांगली खूण, असे ती सांगे. पण मला घाई होती. बाळ संक्रांतीच्या सुमारास येणार, आणि पाय पसरून बसण्याचे नाव ती काढू देत नव्हती. मग मी माझे शहाणपण वापरले. पाय आखडले आहेत तर ते ताणले पाहिजेत, असा साधा विचार. दुपारी मुक्ता झोपली, की मी शयनगृहात जमिनीवर बसून पश्चिमोत्तानासन करू लागले. पाय लांब, हात पुढे, कपाळ गुडघ्यांकडे. लहानपणी शिकलेले, पुण्याईचे आसन. त्यात काही वाईट असेल असे मनातही आले नाही. आणि दर दिवशी ती फाटलेली गुझिया मी स्वतःच्या हाताने आणखी दाबत होते.

"मैम, दर्द फिर पिंडली में उतर आया," रचना कपाळाला आठी घालून म्हणाली. "घर पर कुछ अलग कर रही हैं?"

"नहीं तो।"

आसनापाठोपाठ मी पाटही काढला. न्हाणीघरात कोरड्या फरशीवर मांडला, आणि गव्हाच्या पिठाची एक भरली पिशवी, नव्या बाळाच्या वजनाची, जुन्या पंचात गुंडाळून नडग्यांवर घेतली. तिला पालथे केले, पाठीवरून हात फिरवला. पिठाला अंग असते, हे तेव्हा कळले. ते हाताखाली दबते, आकार बदलते, उबदार होते. रिकाम्या तांब्याने मी रिकामी धार सोडली. क्षणभर सगळे जमल्यासारखे वाटले. आणि पिशवी उचलायला पुढे झुकले तेव्हा कमरेतला दिवा पुन्हा लागला, पहिल्यापेक्षा प्रखर. मला उठता येईना. मागे टेकता येईना. पाय लांब, त्यांवर पीठ, डोळ्यांत पाणी.

हे बाजारात गेलेले होते. हाक मारली ती मुक्ताला ऐकू गेली. ती दारात आली, एक हात पोटावर, एक चौकटीवर, आणि पाहत राहिली.

"आई, काय करते आहेस?"

"उठव मला."

तिने वाकण्याचा प्रयत्न केला. तिला वाकता आले नाही. तिच्या पोटाने तिला अडवले, मला माझ्या पाठीने. दोघी एकमेकींकडे हात पसरून राहिलो, मधे चार बोटांचे अंतर, आणि ते कुणालाच ओलांडता येईना. "तुझ्या त्या योगाच्या मॅडमचा नंबर दे," ती म्हणाली, आणि तिने माझ्या फोनवरून रचनाला लावला. आवाज मोठा करून फोन नळाच्या कट्ट्यावर ठेवला.

"मैम, घबराइए मत," न्हाणीघरात रचनाचा आवाज घुमला. "पहले गोद में कुछ हो तो हटाइए।"

"आटा है," मुक्ता म्हणाली.

"क्या है?"

"आटे की थैली। तौलिये में लपेटी हुई।"

"अच्छा। तो आटे को धीरे से बग़ल में सुला दीजिए।"

मुक्ताच्या तोंडून हसू फुटले, आणि हसता हसताच तिला रडू आले. मी पीठ बाजूला निजवले. रचनाने सांगितले तसे एकेक गुडघा वाकवला, कुशीवर वळले, तळहात टेकले. "अब चौपाया बनिए, मैम। हाथ और घुटने। पीठ सीधी, मेज़ जैसी। अब चलिए।" आणि मी चालले. गार फरशीवरून, उंबरठ्यावरून, बाहेरच्या खुर्चीपर्यंत, लेकीच्या पावलांशेजारून. ज्या घरात बाळ रांगायचे होते त्या घरात आधी मी रांगले.

मी खुर्चीत टेकल्यावर मुक्ताने फोन बंद करून आणला. मग तिने विचारले, "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मलाच नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसतेच आले. तिथे सासूबाई होत्या." तिने फोनकडे पाहिले. "आता त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. मला बाळाच्या न्हाण्यापर्यंत वेळ दे."

तिने मान हलवली. माझी लाज तोवर फक्त माझी होती. त्या दुपारी तिच्या आठव्या महिन्याच्या ओझ्यावर मी तीही ठेवली.

*

यंदा रचनाकडे नव्या बायका येतात. कुणी सुनेपासून लपून, कुणी सासूपासून. जिन्यात भेटलेल्या एकीच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती, आणि मी नजर वळवली. तिला ओळखले असे तिला वाटू नये म्हणून. आपल्याकडे दुखण्याची लाज नसते. डोके दुखते हे आपण फाटकात उभे राहून सांगतो. लाज असते ती न जमण्याची, आणि तीही अशा गोष्टीची, जी जमण्यासाठी कुणी कधी कौतुक केले नाही. आईच्या पायांना कुणी शाबासकी दिल्याचे मला आठवत नाही. मीही दिली नाही. ते पाय असणारच, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

त्या दुपारनंतर रचना माझ्याशी कडक झाली. पुढे वाकणे बंद. पोटावर निजून छाती किंचित उचलायची, चौपाया होऊन एक हात, एक पाय लांबवायचा, कुशीवर पडून शिंपल्यासारखा गुडघा उघडायचा. स्प्रिंगांच्या पलंगावर पाय पट्ट्यांत अडकवले, की वजन कुणीतरी पेलते आहे असे वाटे आणि पाय हवेत गोल फिरत, माझे नसल्यासारखे हलके. एकदा काम चालू असतानाच ती म्हणाली, "मैम, एक बात बताइए। ज़रूरी क्या है, बच्चे को नहलाना या नीचे बैठना?"

"दोनों।"

"नीचे बैठकर, गोद में वज़न लेकर झुकना, ये मैं अभी महीनों नहीं करने दूँगी। मेज़ पर टब रखिए। खड़े-खड़े नहलाइए। वो मैं आज सिखा दूँ।"

"हमारे यहाँ ऐसे नहीं होता।"

"तो कैसे होता है? आटे के साथ?"

पण तिने शिकवले ते शिकले. पावले थोडी दूर, गुडघे सैल, पाठ लांब, आणि वाकायचे ते कमरेतून नाही, खुब्यातून, दाराच्या बिजागरीसारखे. वजन छातीशी धरायचे. टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर मी ते करत राहिले, मनात मात्र पाटच मांडलेला.

*

नात झाली ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आकाशभर पतंग असताना. नाळ पडेपर्यंत ओल्या कपड्याने पुसायचे, असे दवाखान्यात सांगितले होते. तेवढे दिवस मला उसने मिळाले. नाळ पडली, बारसे ठरले, आणि बारशाच्या सकाळी पहिले खरे न्हाणे, हेही आपोआप ठरले. सुलभाताई आदल्या संध्याकाळी पुण्याहून आल्या. काठाची साडी, ताठ मान, खुर्चीवर टेकलेली ताठ पाठ. त्यांनी नातीला मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उद्या आजीच्या पायांवर जायचं हं बाळा." मी चहाचा कप खाली ठेवला.

सकाळी न्हाणीघरात वाफ होती. डाळीचे पीठ सायीत कालवलेले, वेखंड उगाळलेले, निखाऱ्यांवर ओव्याची आणि शेपांची धुरी. पाट मांडलेला. आमच्या मराठी समाजातल्या आणि शेजारच्या बायका थोड्याच वेळात येणार होत्या. मुक्ता बाळाला घेऊन दारात उभी होती, जमिनीकडे पाहत.

"चला," सुलभाताई म्हणाल्या, "बायका यायच्या आत उरकू. बसा तुम्ही. मी धार धरते."

मी पाटाकडे पाहिले. तिथे आईचे पाय नव्हते. नुसते लाकूड होते.

"सुलभाताई, मला बसता येणार नाही."

"म्हणजे, आत्ता?"

"आत्ताही नाही आणि उद्याही नाही. पाठीची चकती सरकली आहे. नवरात्रापासून. पाय पसरून वाकले तर पुन्हा पायात उतरेल." मग उरलेलेही बाहेर पडले. "तुम्ही विचारलं होतंत अडचण आहे का. आज सांगते आहे. तुम्ही बसा. मान तुमचा."

मी अपेक्षेने ताठरले. पाठ, मान, जबडा, रचनाने सैल करायला शिकवलेले सगळे. सुलभाताईंनी भिंतीला हात टेकला.

"मी कशी बसू?" त्या म्हणाल्या. आवाजाला पहिल्यांदाच चुणी पडली होती. "खाली बसले तर मला उठता येत नाही. गुडघे संपलेत. मागे एकदा देवघरात बसले आणि अर्धा दिवस तशीच. तेव्हापासून खुर्ची. घरात कुणाला सांगितलेलं नाही."

"मला वाटायचं तुम्हाला खुर्चीच आवडते," मुक्ता हळूच म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतं. ताठा म्हणतात. म्हणू देत, गुडघ्यांपेक्षा बरं." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "म्हणून फोनवर मान मान करत होते हो. मला वाटलं, तुमच्याकडे सोपवलं की माझी सुटका. मुक्ता पुण्यात राहिली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे."

बाळाने जांभई दिली. न्हाणीघरात तीन पिढ्या आणि एक पाट, आणि त्यावर बसणारे कुणी नाही. मला वाटले होते, दुसऱ्याचीही लाज दिसली की आपली कमी होते. तसे झाले नाही. आधी एक होती, आता दोन झाल्या.

मुक्ताने भानावर आणले. "पाणी निवतंय."

मागच्या खोलीत, दाराला लागूनच, तिचे शाळेतले अभ्यासाचे टेबल होते. माझ्या हाकेला आलेल्या यांनी प्लास्टिकचा टब त्यावर ठेवला, पाणी आणून ओतले, तळाशी पंचा पसरला आणि आमची तोंडे पाहून न विचारताच बाहेर गेले. मी पावले दूर घेतली, गुडघे सैल सोडले. नात छातीशी धरून, खुब्यातून, हळूहळू पुढे झुकले. श्वास सोडला. ती पाण्यात उतरली. आधी टाचा, मग कुल्ले, मग ती ओंजळभर पाठ, माझ्या तळहातावर. कुठेही दिवा लागला नाही. सुलभाताईंनी एका हाताने टेबलाची कड पकडली आणि दुसऱ्याने तांब्या कलता केला. बाळाचे डोळे विस्फारले, मुठी उघडल्या, आणि ती पाण्याखाली काहीतरी धरायला पाहू लागली.

"मानेखाली हात ठेवा," सुलभाताई कुजबुजल्या.

"ठेवलाय."

"पाणी गरम नाही ना?"

"नाही. कानात जाऊ देऊ नका."

फाटक वाजले. अंगणात बांगड्या, चपला, दुबेभाभींचा मोठा आवाज, कुणाचेतरी हसणे. पावले ओसरीवर आली. सुलभाताईंचा तांब्या हवेतच थांबला. आम्ही एकमेकींकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, उभ्या असलेल्या आमच्या दोघींच्या पायांकडे पाहिले. मला वाटले, त्या म्हणतील, येऊ दे, पाहू दे. मला वाटले, मीच म्हणेन.

मी एका हाताने बाळाला सावरून दुसरा हात दाराकडे नेला. त्यांचा ओला हात कडीवर आधीच पोचला होता. कडी जुनी, घट्ट. दोघींच्या बोटांनी मिळून ती सरकली.

"न्हाणं चाललंय का?" बाहेरून कुणीतरी विचारले. "बघू तरी आजीच्या पायांवरचं बाळ."

"झालंच," आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आणि सुलभाताईंनी पुन्हा धार धरली.